विकायचा नसलेला गालिचा

मी गालिचा बोलतोय. लांबी बारा फूट, रुंदी नऊ फूट, वय सत्तेचाळीस. बाजारात माझ्या जातीला इराणी गालिचा म्हणतात आणि हे नाव घेताना लोकांचा आवाज उगाच अदबीने खाली येतो. पण मी काही राजवाड्यात लोळलेलो नाही. माझं जवळजवळ अख्खं आयुष्य एका दुकानाच्या जमिनीवर गेलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की ते दुकान आता नाही.

मला दोन बहिणींनी विणलं. मागावर उभे धागे ताणलेले आणि समोरच्या फळीवर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या. डावी बाजू मोठीची, उजवी धाकटीची. लोकरीचा धागा दोन उभ्या धाग्यांभोवती फिरवायचा, गाठ मारायची, सुरीने टोक कापायचं, की लगेच पुढची गाठ. एक ओळ भरली की आडवा धागा घालून पंजाने, म्हणजे लोखंडी फणीने, ठोकून बसवायचा. दिवसाकाठी बोटभर पट्टी वाढली तर त्यांची आई म्हणायची, आज बरं काम झालं. असे चौदा महिने गेले.

माझा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा, तपकिरी अक्रोडाच्या सालींचा. निळीत बुडवलेली लोकर मध्येच संपली. दुसऱ्यांदा बुडवलेली जरा फिकी निघाली, म्हणून माझ्या एका टोकाचा निळा दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. त्यात मोठी तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली. धाकटीने एकटीने दोन्ही बाजू ओढल्या. तिचा हात उजवीकडच्या पानांना सरावलेला. डावीकडचं पान उलट दिशेला वळायला हवं होतं, तेही तिने सवयीने उजव्यासारखंच वळवलं. आईच्या लक्षात आलं तोवर पान पुरं झालं होतं. उसवायचं म्हणजे चार दिवसांचं काम पाण्यात. आईने पोरीच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, राहू दे, पायाखालीच जाणार आहे, कोण बघतंय.

पण बघणारे बघतातच.

एका व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यातून मी त्या दुकानात आलो. दुकानदार तेव्हा एकतिशीचा, नुकतं लग्न झालेलं, नुकतं दुकान थाटलेलं. पहिल्याच आठवड्यात एक वकील आले. त्यांनी माझ्यावर फेऱ्या मारल्या, खाली वाकले, आणि ते उलटं पान बरोबर शोधून काढलं. मग भाव पाडायला सुरुवात केली. दुकानदार मान डोलावणार एवढ्यात त्याची बायको गल्ल्याच्या मागून शांतपणे म्हणाली, “हा विकायचा नाही.”

वकील गेल्यावर त्याने विचारलं, का नाही विकायचा? तर ती म्हणाली, आपल्या दुकानाची फरशी फार गार आहे. झालं. त्या दिवसापासून मी दुकानाचा बसण्याचा गालिचा झालो. बाकीचे सगळे माझ्यावर अंथरून दाखवले जाऊ लागले. माझ्या अंगाखांद्यावर शेकडो गालिचे विकले गेले, मी मात्र तसाच राहिलो.

मालकीण माझ्या मधल्या मोठ्या फुलावर पाय दुमडून बसायची आणि गालिच्यांची थप्पी वहीची पानं उलटावीत तशी कोपऱ्याला धरून उलटत जायची. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला पादत्राणं काढायला लावायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, “डोळ्यांनी घेतलेला गालिचा परत येतो. पायांनी घेतलेला येत नाही.” आणि ते खरं होतं. मी इतके पाय पाहिले, की माणसाचं तोंड न बघता त्याचं मन सांगीन. ज्याला घ्यायचा असतो तो टाचा जमिनीत रोवून उभा राहतो. ज्याला नसतो तो बोटांवर उभा राहतो आणि सांगतो, घरी विचारून येतो. असे घरी विचारायला गेलेले कितीतरी जण अजून विचारताहेत.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं नवराबायको माझ्यावरच चहा घेत. मालक नवीन आलेल्या गालिच्याचा कोपरा उलटून गाठी मोजायचा आणि तिला आकडा सांगायचा. ती न मोजता, नुसता तळवा फिरवून सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचाच अंदाज खरा निघायचा. त्यांचा मुलगा माझ्यावरच पहिल्यांदा पालथा पडला, माझ्यावरच पहिलं पाऊल टाकलं आणि माझ्यावरच शाईची दौत उपडी केली. डाग निघाला. मालकिणीने लिंबू आणि ताक लावून तीन दिवस चोळला. त्या दिवसांची आठवण झाली की अजून माझ्या लोकरीत ऊब येते.

पाच वर्षांपूर्वी मालकीण गेली. चार दिवसांच्या आजाराचं निमित्त झालं. त्यानंतर मालक, ज्यांना आता सगळे बाबा म्हणत होते, मधल्या फुलावरून कधी चालले नाहीत. कडेकडेने जायचे. त्यांच्या डोळ्यांनाही तेव्हाच काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जाणार, कडेचं दिसत राहील. म्हणजे माणूस समोर उभा असला तर त्याचे खांदे दिसायचे, चेहरा नाही. माझी किनार दिसायची, मधलं फूल नाही.

मुलगा लांबच्या गावी पुलांच्या कामावर. त्याची बायको शाळेच्या कार्यालयातली नोकरी सोडून दुकानात येऊ लागली. सून अंगाने काडी, पण कामाला वाघीण. तिने महिनाभर पाहिलं, की रस्त्यावरून जाणारे लोक काचेत नुसते आपले केस नीट करतात आणि पुढे जातात. मग तिने ठरवलं, गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर दुकान गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये न्यायचं. रोज दहा ते अकरा खिडकीतून चांगला उजेड यायचा. तेव्हा ती स्टुलावर चढून गालिच्यांचे फोटो काढायची.

बाबा आधी फुरंगटले. फोटोत लोकरीचा स्पर्श येतो का, म्हणाले. सून म्हणाली, नाही येत, म्हणून तुम्ही तो शब्दांत सांगा, मी लिहिते.  मग खुर्ची ओढून ते सांगायला बसले आणि हळूहळू त्यात रमले.

“आधी पाठ दाखव,” ते म्हणायचे. “तोंड सगळ्यांचंच गोड असतं.”

हाताने विणलेल्याची नक्षी पाठीवरही तितकीच स्पष्ट दिसते, पण गाठी थोड्या खालीवर असतात, माणसाच्या अक्षरासारख्या. यंत्राची पाठ आखीव वहीसारखी सरळ. आमची झालर म्हणजे आमच्याच उभ्या धाग्यांची टोकं. यंत्राच्या गालिच्याला ती मागाहून शिवतात, गंगावन लावावं तशी. सून हे सगळं लिहून घ्यायची आणि त्याप्रमाणे जवळून फोटो काढायची. बाबांची आणखी एक अट होती. दोष लपवायचा नाही. कोपऱ्याला कसर लागली होती, रफू केलंय, लिही. मध्ये लव झिजली आहे, लिही. एकदा सून वैतागून म्हणाली, “बाबा, आपण गालिचा विकतोय की कबुलीजबाब देतोय?” पण तिनेच दोन वर्षांत पाहिलं, की त्यांचा एकही गालिचा परत आला नाही.

मग इमारतीच्या मालकाने इमारत विकली. दोन महिन्यांत दुकान आणि त्याच्या मागची राहती जागा रिकामी करायची होती. नवीन जागा मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. सुनेने टेप घेऊन मोठी खोली मोजली. दहा फूट बाय नऊ. परत मोजली. खोल्या काही मोजल्याने वाढत नाहीत.

उरलेले गालिचे एकेक करून गेले. माझं नाव निघालं की बाबा म्हणायचे, त्याचं नंतर बघू. मुलाने फोनवर सुचवलं, कापून घ्या, कडा शिवता येतात, निम्मा आपल्याला, निम्मा कुणाला तरी. बाबांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि जेवणाच्या ताटावर बसून राहिले. घास काही तोंडात गेला नाही. सुनेने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा खुर्चीत डोळा लागल्यावर ती हळूच स्टूल घेऊन आली आणि तिने माझे फोटो काढले. बेचाळीस वर्षं मी इतरांना मिरवलं होतं, आणखी पाच वर्षं नुसता पडून होतो. आता माझी पाळी होती.

काय काय ऐकावं लागलं म्हणता. एकाने विचारलं, धुण्याच्या मशीनमध्ये चालेल का. एकाने लिहिलं, निळा रंग एका बाजूला उडालाय, फसवू नका. एकीने तर सरळ निकाल दिला, की हा यंत्राचा आहे, तिच्या मावशीकडे असाच आहे. सून हे ओठांतल्या ओठांत वाचायची आणि मला ऐकू यायचं. सत्तेचाळीस वर्षांत असा पाणउतारा माझा कधी झाला नव्हता.

त्यात एक बाई निराळ्या होत्या. त्यांनी आधीच लिहिलं, की एकदा हाताचा म्हणून यंत्राचा गालिचा त्यांच्या गळ्यात मारला गेला आहे, तेव्हा प्रश्न जास्त विचारीन, राग मानू नका. त्यांचा धंदाच चुका शोधण्याचा. पुस्तकं छापून येण्याआधी त्यातल्या चुका काढायचं काम त्या तीस वर्षं करत होत्या. सुनेने त्यांचं नाव ठेवलं भिंगवाल्या बाई. त्यांना पाठ हवी होती, झालर हवी होती, एकच चौकोन सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात हवा होता. मग त्या म्हणाल्या, पांढरं फडकं ओलं करून लाल भागावर घासा आणि फडक्याचा फोटो पाठवा. सुनेने घासलं. फडकं पांढरंच राहिलं. शाबास गं मंजिष्ठे, मी मनात म्हटलं.

पण शेवटचा प्रश्न सुनेला अडला. बाईंनी लिहिलं होतं: ‘हाताचं काम असेल तर त्यात कुठेतरी चूक असणारच. ती मला दाखवा. मग मी विश्वास ठेवीन.’

सून दोन दुपारी गुडघ्यांवर रांगत माझ्यावर फिरली. चूक सापडेना, कारण त्या पानावर बाबांच्याच खुर्चीचा पाय होता. शेवटी तिसऱ्या दिवशी चहा देताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबा, हाताच्या गालिच्यात चूक शोधायची तर कुठे शोधायची?

“कुठल्या गालिच्यात?” बाबा म्हणाले.

असंच, कुठल्याही, ती म्हणाली.

बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. मग उठून उभे राहिले आणि तिला खुर्ची बाजूला घ्यायला सांगितली.

“किनारीपासून मोज. डावीकडचं सहावं पान. ते उलट वळायला हवं होतं.” आणि जरा थांबून म्हणाले, “लोक सांगतात, विणणारे मुद्दाम एक चूक ठेवतात. मुद्दाम कुणी काही ठेवत नाही. दमतो माणूस.”

सुनेने मोजलं. सहाव्या पानावर तिचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. बाबा सांगत होते, की चार दिवसांपूर्वी त्यांना ओल्या लोकरीचा वास आला होता. दुकानात आता दुसरा गालिचा उरलाय कुठे?

“कापण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं मला,” ती खाली मान घालून म्हणाली.

“बरोबर वाटलं. पण मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालो असतो. आणि दोन दिवसांनी हो म्हणालो असतो.” बाबांचा आवाज जराही चढला नव्हता. “ते दोन दिवस मला हवे होते, पोरी.”

 सुनेने फोन उचलला, भिंगवाल्या बाईंना कळवलं, की उत्तर परवा देते, आणि फोन फडताळात ठेवून दिला.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे दिवस. बाबा अनवाणी माझ्यावरून चालले. आधी किनारीने, मग आतल्या वेलींवरून. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मधल्या फुलापाशी आले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिथे टेकले. भरपूर जागा असूनही एका बाजूला सरकून बसले. सून दारातून बघत होती. ती जवळ आली, तेव्हा तिच्याकडे न वळता ते म्हणाले, “मला मधलं काही दिसत नाही ना, त्याचं मला फारसं दुःख नाही. जिथे दिसत नाही तिथे ती बसलेली असते.”

सून तिथेच उंबऱ्यावर बसली.  मग बाबाच सांगायला लागले, शाईच्या डागाचं, वकिलांचं, गार फरशीचं. सुनेने ते कधी ऐकलं नव्हतं. ती हसली, मग पदराने डोळे पुसले, मग परत हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच भिंगवाल्या बाईंना फोन लावायला सांगितला. विकणारे ते आणि घेणाऱ्या बाई, पण चौकशी सगळी बाबांनीच केली. खोली कितीची? खिडकी कुठल्या बाजूला? घरात बूट घालून वावरता का? कपाटाचा पाय गालिच्यावर येईल का? बाई बिचाऱ्या परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होत्या. मग बाबांनी माझे दोष सांगितले. उलटं पान, जुळत नसलेला निळा, मध्ये झिजलेली लव. निळ्याबद्दल म्हणाले, की रंग उडालेला नाही, दोन वेळा रंगवलेली लोकर आहे, एकदम सारखा रंग असता तर मीच संशय घेतला असता.

 मग बाईंनी विचारलं, “काका, झीज फक्त मध्येच कशी?”

“तिथे माझी बायको बसायची,” बाबा म्हणाले. “बेचाळीस वर्षं.”

बाई म्हणाल्या, की मग तिथे मी टेबल ठेवणार नाही. एवढ्यावर सौदा ठरला.

जायच्या दिवशी मला गुंडाळायचं काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही. घडी घालायची नाही, लवेच्या दिशेने गुंडाळायचं, घट्ट पण गुदमरेल असं नाही. सून एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने, दोघं गुडघ्यांवर. उलटं पान आत गेलं, वेली आत गेल्या. मधलं फूल आलं तेव्हा बाबांनी हात क्षणभर तिथे ठेवला आणि मग पुढे ढकलला. शेवटी माझी झालर तेवढी बाहेर राहिली. तिच्यावरून त्यांनी बोटं फिरवली, जसा कुणी मुलाच्या केसांतून हात फिरवतो. टेम्पोवाल्याने मला खांद्यावर घेतलं. मी उलटा लटकत होतो. रिकाम्या फरशीवर बाबा उभे होते, ते मला शेवटचं दिसलं. फरशी गार असणार. त्यांनी चपला घातल्या नव्हत्या.

भिंगवाल्या बाईंचं घर तळमजल्यावर आहे. भिंती पुस्तकांच्या. बाई एकट्या राहतात, साठीच्या आहेत, आणि माझ्यावर पालथ्या पडून काम करतात. कागद पसरलेले, हातात लाल पेन्सिल. पेन्सिल रोज एकदा तरी माझ्या लवेत हरवते. मी पोहोचलो त्या दिवशी त्यांनी मोजे काढले, माझ्यावर पाऊल ठेवलं, टाचा रोवल्या आणि तशाच उभं राहून बाबांना फोन केला. त्यानंतर दर आठवड्याला फोन होतो. फोन माझ्यावरच ठेवलेला असतो, त्यामुळे मलाही सगळं कळतं. नव्या जागेत जिना फार आहे. सुनेने आता इतरांचे गालिचे पारखून विकायला घेतले आहेत. पाठीचा फोटो बघून ती चार ओळींत निकाल देते आणि बाबा तिला अजून एकदा मोजायला लावतात.

वर्षातून दोनदा मला फिरवायचं असतं, म्हणजे ऊन एकाच टोकाचा रंग खात नाही. बाईंना एकटीला पुस्तकांचं कपाट हलेना. तसं त्यांनी फोनवर सांगितलं, तर आज सकाळी सून मदतीला आली. आणि बाबांना घेऊन आली.

दारात बाबांनी चपला काढल्या. कुणी हात धरू नका म्हणाले. पहिलं पाऊल माझ्यावर पडलं आणि ते थबकले. वजन कमी झालंय त्यांचं. दुसरं पाऊल पडलं, मग तिसरं. मग ते किनार धरून, कुणालाही न विचारता, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.

मला फिरवून झालं. जेवणं झाली. दोघी बायका आता स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलताहेत, कुठल्यातरी गालिच्याचा फोटो बघताहेत, आणि तो हाताचा की यंत्राचा यावर त्यांचं एकमत होत नाहीये. विचारायला त्या बाहेर आल्या होत्या, पण परत गेल्या. बाबा कपाटाला पाठ टेकून, पाय लांब करून, माझ्यावर झोपले आहेत. एक हात माझ्या लवेत आहे. श्वास संथ आहे. अशी शांत झोप त्यांना त्या दुसऱ्या मजल्यावर लागत नाही, असं सूनच मघाशी सांगत होती.

माझं आता काही मागणं नाही. एवढंच, की इकडे कुणी येणार असाल तर दार जरा हळू वाजवा.